दांडिया बाजारातले रुमाल, मुंबईच्या बकेटमध्ये

ए-फोर मापाचं एक पान ४०० डीपीआयला (इंचाला ४०० ठिपके), रंगीत आणि कुठलंही कॉम्प्रेशन न लावता टिफ म्हणून स्कॅन केलं, की साधारण ४६ एमबीची फाइल होते. मोडी कागद ए-फोरच्या मापाचे नसतात. लांबट असतात, घडीवर विरलेले असतात, काही तर नुसते चिटोरे. पण अंदाजाला हा आकडा चालतो. बडोद्यातल्या काही मराठी घरांमधून आमच्याकडे जमलेली पानं बारा हजारांच्या आसपास आहेत, म्हणजे साडेपाचशे जीबीचा ऐवज. तो गावाबाहेर, सुरक्षित आणि कधीही तपासता येईल अशा जागी कसा नेला, ते सविस्तर लिहिते आहे. असे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, अजून पुष्कळ घरांच्या माळ्यांवर आहेत, आणि स्कॅन झाल्यावर पुढे काय करायचं हे सांगणारं मराठीत मला तरी फारसं सापडलं नाही.

कागद नानाकाकांकडे जमले, कारण त्यांना मोडी वाचता येते. दांडिया बाजारातल्या वाड्यात माडीवर त्यांची लाकडी पेटी आहे, तीत कापडात बांधलेले रुमाल. वाटणीपत्रं, सावकारी हिशेबाच्या याद्या, देवस्थानच्या खर्चाची टिपणं, कुणाच्या मुंजीचं बोलावणं, आणि पत्रं. काकांना वाचता येतं हे कळल्यावर ओळखीपाळखीच्या घरांनीही आपापले रुमाल आणून दिले. काका वाचतात. माझी भाची इथे फाइन आर्ट्सला शिकते, ती स्कॅनचं बघते. मी उभी हयात हिशेब खात्यात काढली, म्हणून नोंदी आणि फाइली माझ्याकडे.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री चढली. धोक्याची पातळी २५ फूट, पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. बडोदेकरांना ते दिवस सांगायला नकोत. स्कॅनची एक हार्ड डिस्क कारेलीबागेत तळमजल्यावर होती, ती पाण्यात गेली. दुसरी प्रत दांडिया बाजारात माडीवर होती म्हणून काम वाचलं. पण दोन्ही प्रती एकाच गावात, एकाच नदीच्या आसऱ्याला ठेवायच्या, ही सोय पुरेशी नाही हे तेव्हा सगळ्यांनाच पटलं. काका म्हणाले, "कागद दीडशे वर्षं टिकले बाई. तुमच्या त्या डब्या निदान आमच्या नातवंडांपर्यंत तरी टिकू द्या."

सुरुवात सगळे करतात तशीच झाली. ब्राउझर उघडला आणि फोल्डर ओढून टाकला. गूगलच्या एका खात्यावर फुकट मिळणारी १५ जीबी जागा म्हणजे आमची सव्वातीनशे पानं, ती पहिल्याच रुमालात भरली. जागा विकत घेतली. पुढचा रुमाल चढत असताना लाइट गेली, राउटर बंद पडला, परत सुरू झाला, आणि थोड्या वेळाने खिडकीच्या कोपऱ्यात 'अपलोड पूर्ण' असं आलं. वर पानं मोजली तर रुमालातल्या पानांपेक्षा कमी. कोणती राहिली ते सांगणारं तिथे काहीच नव्हतं. हिशेबात बाकी जुळली नाही तर निदान कोणत्या खात्यात शोधायचं ते ठरवता येतं. इथे बाराशे चित्रांच्या जाळीत एकेक नाव डोळ्यांनी ताडून बघायचं! वाटणीपत्राचं मधलंच पान नसेल तर पुढची शंभर पानं असून काय उपयोग?

भाचीच्या एका सिनियर मुलाने आरक्लोनचं नाव सुचवलं. हे टर्मिनलमधून, म्हणजे काळ्या खिडकीत कमांड टाइप करून चालवायचं साधन. निक क्रेग-वूड या प्रोग्रामरने ते गो भाषेत लिहायला घेतलं, ते मुक्त आहे आणि पैसे पडत नाहीत. नाव घेतलंय आरसिंकवरून. दोन संगणकांमधल्या फाइली जुळवणारं ते साधन अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये आणलं आणि ते आजही जोरात वापरात आहे. आरक्लोन तेच काम क्लाउडशी, म्हणजे इंटरनेटवर मिळणाऱ्या साठवणीच्या जागेशी, करतं. गूगल ड्राइव्ह असो, अ‍ॅमेझॉनचं एस-थ्री असो, ड्रॉपबॉक्स असो, कमांड तीच, फक्त पत्ता बदलतो. मला हे फार महत्त्वाचं वाटलं. उद्या आम्ही सेवा बदलली, तरी आज शिकलेलं वाया जाणार नाही.

पहिल्यांदा 'आरक्लोन कॉन्फिग' चालवायचं. ते एकेक प्रश्न विचारत जातं: नवा रिमोट (म्हणजे वरच्या जागेचा पत्ता) करायचा का, नाव काय, कोणती सेवा, चावी कोणती. आम्ही दोन रिमोट केले. 'मूळ' म्हणजे एस-थ्रीची मुंबई शाखा, तिथे टिफ जाणार आणि शक्यतो कुणी हात लावणार नाही. 'वाचन' म्हणजे गूगल ड्राइव्ह, तिथे त्याच पानांच्या हलक्या जेपेग प्रती, वाचणाऱ्यांसाठी. इथे एक काम ताबडतोब करायचं. या चाव्या संगणकावर एका साध्या फाइलीत राहतात आणि आपण सांगितल्याशिवाय त्या फाइलीला कुलूप लागत नाही. ती ज्याच्या हाती लागेल त्याच्या हाती सगळे रुमाल. कॉन्फिगमध्येच तिला पासवर्ड घालायची सोय आहे.

एस-थ्री २००६ पासून आहे, मुंबईची शाखा २०१६ मध्ये सुरू झाली. तिथे आपण एक बकेट करतो आणि तिच्यात फाइली ठेवतो. समजायला थोडी वेळ लागणारी गोष्ट ही, की बकेटमध्ये फोल्डर नसतात. 'दांडियाबाजार, तिरकी रेघ, रुमाल ०३, तिरकी रेघ, पान ०४७' हे सगळं मिळून त्या फाइलीचं एकच लांबलचक नाव असतं. तिरक्या रेघा बघून साधनं आपल्याला फोल्डरसारखं दाखवतात एवढंच. यातून एक व्यवहारातली अडचण निघते. रुमालाचं नाव बदलायचं ठरलं, तर आतल्या प्रत्येक पानाची नव्या नावाने प्रत काढून जुनी पुसावी लागते. आरक्लोन ते आपणहून करतं, प्रत तिकडच्या तिकडे निघते, परत चढवावं लागत नाही. तरी हजारभर पानांना हजारभर उलाढाली होतातच. म्हणून नावं आधी ठरवायची.

नावांवरून आमच्यात बराच खल झाला. काकांचा आग्रह, नावावरून कागद ओळखता आला पाहिजे. 'वाटणीपत्राची नक्कल, अमक्याने तमक्यास लिहून दिलेली, शके अमुक' असं पूर्ण. आमचा संगणक लिनक्सवर चालतो, तिथे एका फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला तीन, आणि काना, मात्रा, वेलांटी यांनाही प्रत्येकी तीन. म्हणजे ८५ चिन्हांत नाव आटपायचं. काकांचं वाक्य शके येईपर्यंतच संपायचं. मोडी लिपीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २०१४ साली जागा मिळाली आहे, भाचीला नावं मोडीतच द्यायची होती, पण तिथे तर अक्षराला चार बाइट लागतात, आणि वाचू शकणारे काका एकटेच.

पण नावांचं खरं दुखणं 'ऱ' या अक्षरात निघालं. हा प्रकार मी कुठेही वाचलेला नव्हता, म्हणून जरा थांबून सांगते. बाबाजीपुऱ्यातल्या एका घरच्या रुमालांना आम्ही 'बाबाजीपुऱ्यातले रुमाल' असं नाव दिलं होतं. काही रुमाल माझ्या संगणकावरून चढले, काही भाचीच्या लॅपटॉपवरून. नंतर 'आरक्लोन एलएसएफ' चालवून यादी काढली, तर त्याच नावाचे दोन फोल्डर, एकाखाली एक. अक्षर न् अक्षर सारखं. रिकामी जागा जास्त पडली असेल, म्हणून मी नाव परत परत वाचलं. तसं काही नव्हतं. शेवटी भाचीने दोन्ही नावांचे बाइट छापून बघितले तेव्हा उलगडा झाला. माझ्या कीबोर्डवर 'ऱ' हे एकच सलग अक्षर म्हणून जातं. तिच्याकडे आधी 'र' आणि मग त्याखालचा नुक्ता (टिंब) असे दोन तुकडे जातात. युनिकोडच्या नियमाने दोन्ही सारखेच मानायचे असतात, पडद्यावर दिसतातही तंतोतंत सारखे. पण बकेटला अर्थ कळत नाही, तिला फक्त बाइट कळतात, आणि बाइट वेगळे म्हणजे नाव वेगळं. जुळणी करताना आरक्लोन अशी दोन रूपं एकच धरतं, म्हणून तोवर कुठे तक्रार आली नव्हती. ठेवताना मात्र जसं आलं तसं ठेवलं गेलं.

दुसऱ्या, तिसऱ्या, रावपुऱ्यातल्या, गोऱ्ह्यांकडचा. मराठीत हे अक्षर टाळायचं म्हटलं तरी टळत नाही. हिंदीत किंवा गुजरातीत हे अक्षर फारसं येत नाही, आपल्याला ते दर पानावर भेटतं. आम्ही मग असं ठरवलं, की फाइलीचं नाव फक्त रोमन अक्षरं आणि आकडे यांचं. घराचा संकेत, रुमालाचा आकडा, पानाचा आकडा, आणि आकड्यांआधी शून्यं भरून, म्हणजे यादीत दोनच्या आधी दहा येणार नाही. काकांचं पूर्ण मराठी वर्णन वेगळ्या तक्त्यात, संकेतासमोर. काकांना ते पटलं, वर त्यांनी एक आठवणही दिली. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्यात आणला, गावोगाव फिरत्या वाचनालयाच्या पेट्या पाठवल्या. "पेटी कितीही चांगली असू दे, आत काय आहे त्याची यादी नसेल तर वाचणारा ती उघडणार कशाला?" ते म्हणाले. तेव्हापासून तक्त्याचं काम त्यांनी स्वतःच्या हाती घेतलं.

आता प्रत्यक्ष चढवण्याचं. कमांड लहानशी आहे: आरक्लोन, कॉपी, मग डिस्कवरचा फोल्डर, मग 'मूळ' चा पत्ता. पण ती खरी चालवण्याआधी शेवटी ड्राय-रनचा खुणेचा शब्द जोडायचा. मग आरक्लोन काहीही न करता फक्त काय काय करणार आहे ते छापतं. ही यादी आम्ही प्रत्येक रुमालाला वाचली. चुकीचा फोल्डर, राहून गेलेलं उपफोल्डर, स्कॅनरने मध्येच टाकलेल्या लपलेल्या फाइली, सगळं तिथेच दिसतं.

आमच्या लाइनवर अपलोडचा वेग ५० एमबीपीएस सांगितलेला आहे. त्या हिशेबाने एक जीबीला दोन मिनिटं चाळीस सेकंद, साडेपाचशेला पूर्ण एक दिवस आणि वर थोडं. तेवढा वेग सलग मिळत नाही, आणि दिवसा वाड्यात वहिनींचं ऑफिसचं काम त्याच लाइनवर चालतं. त्यासाठी आरक्लोनला वेळापत्रक देता येतं: सकाळी आठपासून सेकंदाला एक एमबीच्या वर जायचं नाही, रात्री अकरानंतर मोकळं. इथे एक बारकावा आहे. इंटरनेट कंपनी बिटमध्ये बोलते, आरक्लोन बाइटमध्ये. आरक्लोनचा एक म्हणजे कंपनीचे आठ. हे माहीत नसेल तर वहिनींची मीटिंग अडते.

मध्येच लाइट गेली तर? तीच कमांड परत द्यायची. जे वर पोचलंय ते आरक्लोन सोडून देतं, राहिलेलं चढवतं. अर्धवट राहिलेली फाइल मात्र पहिल्यापासून जाते, पण ४६ एमबीच्या फाइलीत ते नुकसान सात-आठ सेकंदांचं. तासातासाचे व्हिडिओ असते तर याचा वेगळा विचार करावा लागला असता.

कॉपीऐवजी सिंक नावाची कमांड आहे, आणि बरेच जण तीच आधी शिकतात. तिच्यापासून जपून राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. सिंक म्हणजे तिकडचं हुबेहूब इकडच्यासारखं करणं, आणि त्यात इकडे नसलेलं तिकडून पुसणंही आलं. बाहेरची डिस्क एखाद्या सकाळी संगणकाला नीट जोडली गेली नाही तर तिच्या जागी रिकामा फोल्डर दिसतो. सिंकच्या दृष्टीने मग वरचे सगळे रुमाल जास्तीचे. जिथे जुने कागद आहेत तिथे ही जोखीम कशाला? आम्ही दोन गोष्टी आणखी केल्या. बकेटला व्हर्जनिंग लावलं, म्हणजे एखाद्या फाइलीवर नवी फाइल पडली तरी जुनी आत राहते. आणि रोजच्या चावीला वाचायचे, यादी काढायचे आणि ठेवायचे अधिकार दिले, पुसायचा दिला नाही. पुसण्याची चावी वेगळी. 'ऱ'चे जुळे फोल्डर एक करताना तेवढ्यापुरती ती काढली.

सगळं वर गेलं म्हणजे काम झालं, असं मला हिशेब खात्याने शिकवलेलं नाही. मुख्य काम त्यानंतरचं, 'आरक्लोन चेक'. प्रत्येक फाइलीतल्या बाइटांवरून एमडी-फाइव्ह नावाचा ३२ चिन्हांचा आकडा निघतो. एक बाइट जरी बदलला तरी आकडा पार बदलतो. शाळेत गुणाकाराचा ताळा करून बघायचो तसंच हे. इकडचा आकडा, तिकडचा आकडा, जुळले तर पान जसंच्या तसं पोचलं. त्यासाठी काही उतरवून घ्यावं लागत नाही, वरचा आकडा एस-थ्री आपल्याकडे ठेवतं. डिस्कवरची साडेपाचशे जीबी मात्र वाचून काढावी लागतात. आमच्या डिस्कला त्याला दोनेक तास लागतात.

यातही कोणत्या साधनाने चढवलं त्याने फरक पडतो. एस-थ्री प्रत्येक फाइलीला ईटॅग नावाची ओळखखूण देतं. फाइल एका दमात गेली असेल, तर साध्या बकेटमध्ये तो ईटॅग म्हणजेच एमडी-फाइव्ह. तुकड्यातुकड्यांनी गेली असेल तर तुकड्यांच्या आकड्यांचा मिळून वेगळाच आकडा होतो आणि शेवटी आडवी रेघ देऊन तुकड्यांची संख्या येते. अ‍ॅमेझॉनचं स्वतःचं कमांड लाइन साधन ८ एमबीच्या वरच्या फाइलीचे तुकडे करतं, त्यामुळे आमच्या पानाच्या ईटॅगला शेवटी ६ लागायचा आणि तो आपल्या ताळ्याशी जुळवता यायचा नाही. आरक्लोन २०० एमबीपर्यंत एका दमात पाठवतं. आमची पानं त्याच्या आतली, म्हणून मेळ सरळ बसतो. अ‍ॅमेझॉनचं साधन वाईट नाही, बकेटचे नियम लावायला मी तेच वापरते. पण त्याची सिंक कमांड माप आणि तारीख बघून ठरवते, आतला मजकूर बघत नाही.

माप आणि तारीख पुरत नाही, याचा दाखला आमच्याच कागदांत मिळाला. चेकला एकत्रित अहवाल मागितला की प्रत्येक फाइलीपुढे एक खूण येते. बरोबरचं चिन्ह म्हणजे जुळलं, अधिक म्हणजे इकडे आहे तिकडे नाही, उणे म्हणजे उलट, तारा म्हणजे दोन्हीकडे आहे पण सारखं नाही, उद्गारचिन्ह म्हणजे वाचताच आलं नाही. बरोबरच्या हजारो ओळी बाजूला काढल्या, अधिकवाली थोडी पानं परत चढवली, आणि एक ताऱ्याची ओळ उरली. देवस्थानच्या खर्चाच्या टिपणातलं पान. दोन्हीकडे माप एकच, बाइटपर्यंत. तारीखही एकच. मग वेगळं काय? वरची प्रत उतरवून दोन्ही शेजारी उघडल्या तर एक उलटी होती, डोकं खाली. स्कॅन करताना कागद उलटा लागला होता, चढवून झाल्यावर भाचीने डिस्कवरचं पान सरळ करून ठेवलं होतं. कॉम्प्रेशन नसलेलं टिफ उलटं काय, सुलटं काय, तेवढंच भरतं, आणि तिच्या सॉफ्टवेअरला मूळ तारीख राखायची सवय. साधी कॉपी ते पान 'आहे तसंच आहे' म्हणून सोडून देत होती. चेकसम, म्हणजे ताळ्याचा आकडा, बघायला सांगून कॉपी चालवली तेव्हा सरळ पान वर गेलं, आणि व्हर्जनिंगमुळे उलटंही आत राहिलं. इथे नुसतं पान फिरलेलं होतं. खराब होत चाललेल्या डिस्कने मधलाच एखादा बाइट बिघडवला असता, तरी माप आणि तारीख अशीच तोंडावर जुळली असती.

ड्राइव्हचं काम त्या मानाने सोपं. जेपेग हलक्या, पण नग तेवढेच, आणि ड्राइव्हवर आरक्लोनला सेकंदाला साधारण दोनच फाइली चढवू दिल्या जातात. तेव्हा बारा हजारांना लाइन कितीही वेगवान असली तरी दीड तासाच्या वरच लागणार. गूगलकडून स्वतःचा क्लायंट आयडी, म्हणजे आरक्लोनसाठी वेगळा ओळख-क्रमांक, काढून घ्यावा, नाहीतर सगळ्या जगाबरोबर एकाच रांगेत उभं राहावं लागतं. ड्राइव्हचं आणखी एक विचित्र म्हणजे एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली ते सुखाने ठेवून घेतं. 'आरक्लोन डीड्यूप' त्या शोधून देतं. ग्वाल्हेरचे एक मोडी जाणकार आता तिथूनच पानं वाचून काकांना शंका कळवतात.

टिफच्या प्रतींना मात्र रोज कुणी हात लावणार नाही. त्यांचा मेळ पूर्ण बसल्यावर बकेटला नियम लावला, की काही दिवसांनी त्या ग्लेशियर डीप आर्काइव्ह या स्वस्त वर्गात जाव्यात. स्वस्ताईला अटी आहेत. तिथे गेलेली फाइल निदान १८० दिवसांचं भाडं देतेच, आधी काढली तरी. हवी असेल तेव्हा लगेच मिळत नाही, साध्या मागणीला १२ तासांपर्यंत आणि सर्वांत स्वस्त मागणीला ४८ तासांपर्यंत थांबावं लागतं. चढवताना इंटरनेटचे पैसे पडत नाहीत, उतरवताना महिन्याचे पहिले १०० जीबी सोडले तर पडतात. म्हणून मेळ आधी आणि डीप आर्काइव्ह नंतर हा क्रम. उलट केलं तर शंका आलेलं एकेक पान बघायला दोन दोन दिवस.

आणि एक रुमाल परत मागवून बघितला. हे करायलाच हवं असं मी प्रत्येकाला सांगते. रुमाल काकांनीच निवडला, पत्रांचा. आरक्लोनच्या रिस्टोअरने मागणी नोंदवली, आठवडाभरासाठी प्रत उघडी ठेव म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती तयार झाली. रिकाम्या डिस्कवर उतरवली, ताळा केला, सगळी पानं जुळली. भाचीने त्यातलं एक मोठं करून काकांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा वर करून पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीला थांबून म्हणाले, "हे मूळ कागदावर मला लागलं नव्हतं. डाग होता. इथे लागतंय." मग पेटीतून मूळ कागद काढून दोन्ही ताडले. डागाखालचा शब्द 'बाकी' होता, आणि त्यामुळे पत्राचा हिशेब बसला.

यातल्या सगळ्या कमांड आता एका वहीत आणि एका स्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या आहेत. काळ्या खिडकीची मला सर्वांत मोठी सोय वाटते ती हीच. माऊसने केलेलं काम दुसऱ्याला दाखवावं लागतं, हे लिहून देता येतं. प्रत्येक ओळीपुढे ती काय करते ते मराठीत आहे, ड्राय-रनची ओळ नेहमी खऱ्या ओळीच्या वर, आणि प्रत्येक चेकचा अहवाल तारखेसह वहीच्या खिशात. कॉन्फिगचा पासवर्ड दोन बंद पाकिटांत, एक काकांच्या पेटीत आणि एक पुण्याला माझ्या बहिणीकडे. बिल कोणत्या कार्डावरून जातं आणि कार्ड कधी संपतं हेही त्याच पाकिटात आहे. पैसे थांबले तर कितीही मेळ घातलेला असला तरी कागद वर राहणार नाहीत.

नवे रुमाल रावपुऱ्यातल्या एका घरातले आहेत. त्यांची नावं ठरवणं, चढवणं आणि चेक भाचीने वही बघून स्वतः केलं, मी फक्त अहवाल वाचला. चार ओळी अधिकच्या होत्या, ती पानं तिने त्याच रात्री चढवली.